लोहाच्या वहीतलं साखरेचं पान

दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येणाऱ्या मुलाच्या आईच्या पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा आणि एक वही असतेच. शंभर पानी, कोपरे दुमडलेली, कव्हरवर कधी गणपती तर कधी क्रिकेटपटू. आत तिनेच पट्टी लावून ओढलेले रकाने: तारीख, एचबी, किती बॅगा, वजन, आणि दर तीन महिन्यांनी लाल पेनाने लिहिलेलं, साठलेल्या लोहाचा अंदाज देणारं फेरिटिन. एका जिल्ह्याच्या गावी थॅलसेमियाच्या मुलांचं डे केअर सांभाळताना वीसेक वर्षांत अशा वह्या मी शेकड्यांनी चाळल्या. आमच्या केसपेपरपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा. केसपेपर हरवतो, वही हरवत नाही. पण साखरेचा रकाना असलेल्या वह्या मला फार थोड्या आठवतात. त्यात आयांचा काही दोष नाही. रकाने कोणते आखायचे ते त्यांना आम्हीच सांगितलं होतं.

ही पुस्तिका त्या राहून गेलेल्या रकान्याची आहे. लेखकांनी प्रस्तावनेसाठी विचारलं तेव्हा होकार देण्याआधी मी त्यांना माझी एक चूक सांगितली. ती छापायला त्यांची हरकत नाही म्हणाले, तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

पंधरा वर्षांचा मुलगा. आईवडील दोघेही थॅलसेमिया मायनर, म्हणजे स्वतः आजारी नसलेले वाहक; हा मेजर, म्हणजे पूर्ण आजार असलेला. वर्षाचा व्हायच्या आतच रक्त सुरू झालेलं. एका एप्रिलमध्ये आई म्हणाली, "मॅडम, रात्री चार-चारदा उठतो लघवीला. आणि पाणी तर किती पितो, विचारू नका." मी फाइल उघडली. फेरिटिन चार हजारांच्या वर, पण ते त्याचं नेहमीचंच. मागच्या महिन्याचा एचबीएवनसीचा रिपोर्ट लावलेला होता: ५.४. "शुगर नॉर्मल आहे, ताई. उन्हाळा आहे, तहान लागणारच," असं सांगून मी पुढच्या बेडकडे वळले. पुढच्या तारखेला तो आला तो गळून गेलेला, तीन किलो वजन उतरलेलं. बोटाच्या थेंबातली साखर चारशेच्या वर निघाली.

लॅबचं काम चोख होतं. चूक माझी होती. जे त्या तपासणीला या मुलाबद्दल सांगताच येत नाही, ते मी तिच्याकडून ऐकून घेतलं आणि त्यावर विसंबले. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्यातून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण या मुलाच्या शिरांतून वाहणाऱ्या बहुतेक पेशी त्याच्या नव्हत्याच. त्या कुठल्याशा शिबिरात रक्त दिलेल्या कॉलेजच्या पोराच्या, रिक्षावाल्याच्या, बँकेतल्या कारकुनाच्या. त्यांच्यावरची साखर त्या दात्यांच्या अंगातली. याच्या अंगात येऊन त्यांना जेमतेम काही आठवडे झालेले. शिवाय दर तीन आठवड्यांनी नव्या पेशींची भर. त्याच्या स्वतःच्या ज्या थोड्या पेशी तयार होत होत्या त्या अल्पायुषी, आणि त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त. अशा सरमिसळीतून निघालेला ५.४ हा आकडा नेमका कुणाचा होता, हे आजही मला सांगता येणार नाही. त्या मुलाचा नक्कीच नव्हता.

नुसती आकडेवारी पाहिजे असणाऱ्याला ती पुढे प्रकरणांत मिळेल. मला इथे आधी हे सांगायचं आहे की लोह आणि साखर यांचं नातं, म्हणजे साचलेल्या लोहामुळे मधुमेह होतो हे, वैद्यकाला ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकातच फ्रेंच डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिले होते, ज्यांची कातडी काशासारखी काळपट-तांबूस दिसे, यकृत कडक होई आणि लघवीतून साखर जाई. त्याला त्यांनी ‘ब्राँझ मधुमेह’ म्हटलं. पुढे त्याच आजाराला हिमोक्रोमॅटोसिस हे नाव मिळालं: जन्मजात दोषामुळे अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषून शरीरात साठवणारा आजार. १९२५ मध्ये डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी लहान मुलांतल्या एका गंभीर रक्तक्षयाचं वर्णन केलं. त्याच आजारावर व्हिपल आणि ब्रॅडफर्ड यांनी १९३६ साली जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकात ‘थॅलसेमिया’ हा शब्द आहे, आणि त्याच शीर्षकात या मुलांच्या अवयवांतला रंगद्रव्याचा साठा हिमोक्रोमॅटोसिससारखा दिसतो असंही म्हटलेलं आहे. म्हणजे आजाराच्या नावाशेजारीच लोहाची खूण लिहिली गेली होती. आपल्याकडे १९३८ मध्ये कलकत्त्याहून या आजाराची नोंद झाली.

मग मधुमेहाकडे लक्ष जायला इतका उशीर का झाला? उत्तर कटू आहे. मुलं तितकी जगतच नव्हती. रक्त नाही मिळालं तर पहिल्या काही वर्षांत, आणि रक्त मिळालं पण लोह काढलं गेलं नाही तर विशीच्या आत-बाहेर हृदय थकून ती जात. स्वादुपिंडाचं गाऱ्हाणं ऐकायला कुणाला सवड नव्हती. लोह काढणारी औषधं आली, मुलं तिशी-चाळिशी पाहू लागली, तेव्हा हा दुसरा हिशेब समोर आला. थॅलसेमियातला मधुमेह हा एका अर्थी जगल्याचा आजार आहे, आणि हे मी तक्रार म्हणून म्हणत नाही.

लोहाचा हिशेब मात्र प्रत्येक घराने एकदा मांडून पाहावा. तो साधा आहे. एका बॅगेत साधारण २०० मिलिग्रॅम लोह असतं. निरोगी माणूस जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषतो आणि तेवढंच झडणाऱ्या पेशींवाटे गमावतो. म्हणजे एक बॅग ही शंभर ते दोनशे दिवसांच्या जेवणातल्या लोहाइतकी. तीस किलोच्या मुलाला वर्षभरात चार-पाच ग्रॅम लोह रक्तावाटे मिळतं. धडधाकट प्रौढाच्या अख्ख्या शरीरात मिळूनच तीन-चार ग्रॅम असतं. आणि निसर्गाने शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याची सोयच दिलेली नाही. साखर लघवीतून जाते, मीठ घामातून जातं, लोह जात नाही.

हा हिशेब मांडला की पालकाच्या भाजीबद्दलचं भय जरा जागेवर येतं. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे मुलाला दहा वर्षांत पालकाची भाजी दिलेली नाही, लोखंडी कढई माळ्यावर टाकली आहे, गुळाचा खडा वर्ज्य आहे. आणि लोह काढायची गोळी मात्र आठवड्यातून तीनदा विसरली जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं हे खरं, लोहाचं टॉनिक या मुलांना देऊ नये हेही खरं. पण जुडीभर पालकातून जे शोषलं जाईल ते बॅगेपुढे चिमूटभरही नाही.

आता हे जादा लोह जातं कुठे? रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या सगळ्या जागा भरल्या की उरलेलं लोह मोकाट फिरू लागतं. एसटी भरल्यावर उरलेले प्रवासी मिळेल त्या जीपला लटकून जातात, तसं हे मोकाट लोह नेहमीचा दरवाजा सोडून दुसऱ्याच वाटांनी यकृतात, हृदयात, पिट्युटरी ग्रंथीत आणि स्वादुपिंडात शिरतं. आत गेल्यावर ते ऑक्सिजनशी संगनमत करून पेशींना जाळणारे कण तयार करतं. शरीरातल्या पुष्कळ पेशींकडे या जाळाला विझवणारी विकरं भरपूर असतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींकडे ती फार कमी असतात. त्यामुळे त्या आधी होरपळतात.

नुकसान एका दमात होत नाही. सुरुवातीला यकृत लोहाने भरलं की ते इन्सुलिनचं म्हणणं ऐकेनासं होतं, आणि बिचारं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून निभावून नेतं. या काळात उपाशीपोटीची साखर अगदी शहाण्यासारखी असते. पुढे बीटा पेशी कमी होत जातात, स्वादुपिंडात चरबी भरते, आणि जेवणानंतरची साखर वर राहू लागते. उपाशीपोटीची साखर बिघडते ती बहुतेकदा सगळ्यांत शेवटी. म्हणून हा मधुमेह ना धड टाइप वन, ना धड टाइप टू. यात शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटलेलं नसतं आणि मूल लठ्ठही नसतं. हिपॅटायटिस सीचा संसर्ग झालेल्यांत आणि घराण्यात मधुमेह असलेल्यांत धोका आणखी वाढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय बाळं दिसायला बारीक पण अंगातल्या चरबीच्या प्रमाणात मात्र लठ्ठ असतात हे दाखवून दिलं, ते मला इथे हटकून आठवतं. आपल्या मुलांच्या वाट्याला लोहाचा मधुमेह येतो तो आधीच मधुमेहाकडे झुकलेल्या अंगात. या दोन्हींची बेरीज हा माझा तर्क आहे, लेखकांचा नव्हे. पण आजोबांना शुगर होती का हा प्रश्न मी आता एकाही घराला विचारायचा सोडत नाही.

प्रमाणाबद्दल थोडक्यात. इटलीतल्या सात केंद्रांमधल्या, १९६० नंतर जन्मलेल्या ९७७ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६.४ टक्क्यांना मधुमेह होता, १०.८ टक्क्यांना थायरॉइडची कमतरता, आणि निम्म्याहून अधिक जणांत वयात येण्याची संप्रेरकं अपुरी. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला मधुमेहाचा आकडाही साडेसहा टक्क्यांच्या आसपासच येतो. पण त्या बेरजेत आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: मधुमेह अजून झालेला नाही पण साखर सरळ राहिलेली नाही, अशांची संख्या कितीतरी मोठी. उपाशीपोटी वाढलेली साखर सुमारे सतरा टक्क्यांत, ग्लुकोज पाजल्यानंतर वाढलेली सुमारे बारा टक्क्यांत. आपल्याला गाठायचे आहेत ते हे लोक. भारतात दरवर्षी दहा हजारांहून अधिक मुलं थॅलसेमिया मेजर घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीपासून कच्छी आणि पंजाबी कुटुंबांपर्यंत काही समाजांत मायनरचं प्रमाण जास्त, पण माझ्या वह्यांत गावोगावची मराठी आडनावंही भरपूर आहेत. हा ‘त्यांचा’ आजार आहे या समजुतीत राहणाऱ्यांनी एकदा आमच्या डे केअरच्या बाकावर बसून जावं.

तपासणी कोणती, याचं उत्तर जुनंच आहे आणि स्वस्त आहे: ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघणं. उपाशीपोटी एक नमुना, मग वजनानुसार किलोमागे १.७५ ग्रॅम, जास्तीत जास्त ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, आणि दोन तासांनी दुसरा नमुना. दोन तासांनंतरची साखर १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ असेल तर इशारा, २०० किंवा जास्त असेल तर मधुमेह. उपाशीपोटी १२६ ही मधुमेहाची रेघ, आणि १०० च्या वर गेली तरी सावध व्हायचं. दहाव्या वर्षापासून ही तपासणी सुरू करावी, फेरिटिन फार वर असेल तर त्याही आधी, आणि नंतर तिचा नेम मोडू नये. ज्याला मधुमेह झालाच आहे त्याच्यावर लक्ष ठेवायला घरचा ग्लुकोमीटर, दोन-तीन आठवड्यांची कल्पना देणारी फ्रुक्टोसामिन चाचणी, किंवा परवडत असेल तर दंडावर लावायचा सेन्सर. एचबीएवनसी नको.

"त्यासाठी आणखी एक खेप? आणखी एक रजा?" असं वडील विचारतात, आणि ते बरोबर विचारतात. रोजंदारीवरच्या माणसाला महिन्यात एक-दोन दिवस रक्तासाठी जातातच. आमच्याकडे आम्ही एक साधी गोष्ट केली. क्रॉसमॅचसाठी रक्त काढतो त्याच सुईतून उपाशीपोटीचा नमुना घेतो, ग्लुकोज पाजतो, आणि ब्लड बँकेतून बॅग येईपर्यंत जे दोन-तीन तास मूल मोबाइलवर घालवतं त्यात दुसरा नमुना होऊन जातो. खेप वाढत नाही, सुई एकच वाढते. लेखकांनी ही पद्धत चौथ्या प्रकरणात घेतली आहे. त्या सकाळी मुलाला चिप्स आणि आंब्याचं सरबत देऊन खूश करायची जी प्रथा सगळ्या डे केअरमध्ये असते, ती फक्त दुपारवर ढकलावी लागते.

पुस्तिकेचा सगळ्यांत मोठा भाग लोह काढण्यावर आहे आणि तसाच असायला हवा. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की मिळालेल्या रक्ताच्या मानाने डेस्फेरॉक्सामिन लवकर आणि पुरेसं वापरलं गेलं तर मधुमेह, हृदयविकार आणि मृत्यू या तिन्हींचा धोका घटतो. म्हणजे लोह काढायचं औषध हेच मधुमेहाचं पहिलं औषध, मधुमेह होण्याच्या कितीतरी आधी घ्यायचं. डेस्फेरॉक्सामिन म्हणजे पोटाच्या कातडीत सुई आणि रात्रभर आठ-दहा तास चालणारा पंप, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. खर्च आणि त्रास दोन्ही इतके की आपल्याकडे फार थोड्यांना जमलं. गोळीच्या रूपातलं डेफेरिप्रोन जगात सर्वांत आधी भारतात बाजारात आलं, १९९० च्या दशकाच्या मध्यावर. आपल्या घरांना ते केल्फर या नावाने माहीत आहे. २००५ मध्ये अमेरिकेत डेफेरासिरॉक्सला परवानगी मिळाली आणि नंतर ते इथेही आलं, दिवसातून एकदाच घ्यायचं. प्रत्येकाच्या तपासण्या वेगळ्या: डेफेरिप्रोनवर पांढऱ्या पेशी मोजायच्या, डेफेरासिरॉक्सवर मूत्रपिंड बघायचं. ग्रीसमध्ये दोन औषधं एकत्र नेटाने देऊन शरीरातलं लोह जवळजवळ सामान्य पातळीवर आणलं, तेव्हा काही रुग्णांची बिघडलेली साखर पूर्ववत झाली, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्यांची झाली नाही. मेलेल्या बीटा पेशी परत येत नाहीत, दबलेल्या सावरतात. म्हणूनच १४० ते १९९ चा टप्पा हातचा घालवायचा नाही.

फेरिटिनवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. ताप, जंतुसंसर्ग, यकृताची सूज यांनी ते उगाच चढतं, आणि ते खाली आलं म्हणून स्वादुपिंड रिकामं झालं असं नाही. एमआरआयवर यकृत, हृदय आणि स्वादुपिंड यांतलं लोह वेगवेगळं मोजता येतं. लॉस एंजेलिसच्या संशोधकांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की स्वादुपिंडातलं लोह हृदयातल्या लोहाची आगाऊ वर्दी देतं. स्वादुपिंड स्वच्छ असेल तर हृदयही बहुधा स्वच्छच असतं. आमच्या जिल्ह्यात ही सोय नाही, मुलांना मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं. पण पाठवताच आहात तर चिठ्ठीवर ‘हृदय व यकृत’ एवढंच न लिहिता स्वादुपिंडही लिहा, ही माझी सहकाऱ्यांना विनंती.

गोळ्या बंद पडतात त्या वयात येताना. बाराव्या वर्षापर्यंत आई देते म्हणून घेतली जाते. मग मुलगा म्हणतो मी घेतो, आणि गादीखाली गोळ्यांची पाकिटं सापडतात. त्याच वर्षांत रक्त जास्त लागतं, लोह जास्त साचतं आणि साखर बिघडायला लागते. या वयातल्या मुलांशी कसं बोलावं यावरचं प्रकरण एका पेशंटनेच लिहिलं आहे, आणि माझ्या मते पुस्तिकेतलं ते सर्वांत चांगलं प्रकरण. त्यात उपदेश एक ओळही नाही.

गैरसमजांचं प्रकरण वाचताना मला दोनदा हसू आलं आणि एकदा राग. "मधुमेही माणसाचं रक्त मिळालं असेल, म्हणून झाला," हे मी स्वतः कितीदा ऐकलं आहे. रक्तातून मधुमेह लागत नाही. दुसरं, "लाड करून गोड खाऊ घातलं, म्हणून झाला." हे बहुतेकदा सासरचं कुणीतरी त्या आईला ऐकवतं. आधी मूल मेजर झालं तेव्हा तिच्या माहेरच्या रक्ताला बोल लावला गेला, जणू वडिलांची मायनरची चिठ्ठी हवेतून आली; आता साखरेलाही तीच जबाबदार. मधुमेह झाल्यावर आहार बदलावा लागतो, पण तो झाला लोहाने. हे वाक्य लेखकांनी चौकटीत छापलं आहे. मी असते तर मुखपृष्ठावर छापलं असतं.

एक मतभेद नोंदवते. आहाराचं प्रकरण मला गरजेपेक्षा लांब वाटलं. आधीच उंची कमी, वजन कमी असलेल्या मुलाच्या ताटातून आणखी काय काय काढायचं याच्या याद्या वाचून घरोघरी उपासमार सुरू होते. भाकरी, डाळ, भाजी, अंडं, ताक, आणि इन्सुलिनशी जुळवून घेतलेल्या वेळा, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पुढच्या आवृत्तीत ती पानं कमी करून इन्सुलिन टोचायला शिकवणारी चित्रं वाढवावीत. अस्थिमज्जा बदललेल्या मुलांचा उल्लेखही जास्त हवा होता. त्यांचं रक्त बदलतं, पण आधी साठलेलं लोह तिथेच बसून असतं, आणि "आता बरा झाला" म्हणून सगळ्या तपासण्या बंद होतात.

सुरुवातीला सांगितलेला तो मुलगा आज तिशीला टेकला आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, दिवसातून चारदा इन्सुलिन घेतो, लोह काढायच्या दोन गोळ्या घेतो आणि रक्ताच्या तारखेला माझ्याकडे येतो. त्याला हा मजकूर आधी वाचून दाखवला. "उन्हाळ्याचं राहू द्या त्यात," एवढंच म्हणाला. पुस्तिकेच्या शेवटी वहीचं जे नमुना पान दिलं आहे ते त्याने आखलेलं आहे. फेरिटिनच्या शेजारी दोन रकाने आहेत: उपाशीपोटी, आणि ग्लुकोजनंतर दोन तासांनी.

आई-वडिलांनो, ते पान फाडून घ्या किंवा बघून आखा. मूल दहा वर्षांचं झालं असेल तर पुढच्या तारखेला त्याला उपाशीपोटी आणा, आणि नाश्त्याचा डबा बरोबर ठेवा. डॉक्टर विसरले तर पान पुढे करा. आम्ही विसरतो.